रांगेतला पहिला माणूस

कोलकात्यात बसच्या कंडक्टरला ‘एस्प्लनेड’ म्हटलं तर त्याला कळतं, पण तो स्वतः ओरडतो ते ‘धर्मतला, धर्मतला’ असंच. मेट्रोच्या पाटीवर एस्प्लनेड, लोकांच्या तोंडी धर्मतला. ट्रामचा जुना डेपो, टिपू सुलतानच्या धाकट्या मुलाने १८४२ मध्ये बांधलेली मशीद, एका अंगाला मैदान आणि शहीद मिनार, दुसऱ्या अंगाला राज्यपालांचं निवासस्थान. या सगळ्याच्या मधून एक बोळ आत शिरतो, त्याला सगळे डेकर्स लेन म्हणतात. पालिकेच्या दप्तरी तो जेम्स हिकी सरणी आहे. २९ जानेवारी १७८० रोजी याच शहरात हिंदुस्थानातलं पहिलं छापील वृत्तपत्र काढणारा तो हिकी. लोक मात्र इथे जेवायला येतात.

दुपारी ऑफिसांची जेवणाची सुट्टी झाली की बाकड्यांवर जागा उरत नाही. वाडगा हातात घेऊन उभ्यानेच खायचं. पातळ, मिऱ्याचा वास असलेला चिकन स्ट्यू, त्यात कच्च्या पपईची एक फोड, गाजराचा एक तुकडा, आणि सोबत लोणी माखून भाजलेला जाड पाव. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा समोरासमोर दोन दुकानं होती. एका दुकानापुढे पंधरावीस माणसं, दुसऱ्यापुढे दोन. हॉटेलातल्या पोऱ्याने मला त्या दुसऱ्या दुकानाचं नाव सांगितलं होतं. तरीही मी गर्दीच्या मागे जाऊन उभा राहिलो. एवढी माणसं उभी आहेत म्हणजे त्यांना काहीतरी माहीत असणार, असं मनात आलं आणि पोऱ्याचा शब्द मागे पडला.

त्या पंधरावीस जणांना खरोखर काय माहीत होतं? अर्थशास्त्रात हा प्रश्न ज्याने नेमका मांडला, तो याच शहरात वाढला, आणि त्याची आई मराठी. अभिजित विनायक बॅनर्जी. २०१९ च्या नोबेलमुळे ते नाव घरोघरी गेलं ते गरिबीवरच्या प्रयोगांसाठी. पण हार्वर्ड विद्यापीठात १९८८ मध्ये त्यांनी पीएच.डी. मिळवली तो प्रबंध गरिबीवर नव्हता. त्याचा विषय होता माहितीचं अर्थशास्त्र: कोणाला काय ठाऊक आहे, कोणाला नाही, आणि अर्धवट माहितीवर माणूस निर्णय कसा घेतो. पुढच्या सगळ्या कामाचं बी त्या प्रबंधात आहे असं मला वाटतं. म्हणून ही हकीकत तिथपासून सांगायची.

त्यांचा जन्म मुंबईचा, २१ फेब्रुवारी १९६१ चा. आई निर्मला, माहेरच्या पाटणकर. वडील दीपक बॅनर्जी कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक, पुढे विभागप्रमुख. मधलं ‘विनायक’ पाहून मराठी वाचकाला ते वडिलांचं नाव वाटेल. तसं ते नाही, आणि बंगाली घरांत असं मधलं नाव ठेवायची रीतही नाही. आईच्या मुलखाची खूण मुलाच्या नावात राहिली आहे.

निर्मलाबाईंबद्दल दोन वाक्यं लिहून पुढे जाणं मला पटत नाही. कोलकात्याच्या सामाजिक शास्त्रांच्या अध्ययन केंद्रात त्यांनी वर्षानुवर्षं संशोधन केलं. शहरातल्या असंघटित क्षेत्रात राबणाऱ्या बायकांवरचं त्यांचं पुस्तक १९८५ साली आलं. सरकारी तक्त्यांत ज्या बायकांच्या नावापुढे ‘काम नाही’ असं लिहिलं जायचं, त्यांचं काम मोजायचं तर त्यांच्यापर्यंत जाऊन विचारावं लागतं. मुलगा पुढे तीस वर्षं हेच करत आला, फक्त त्याच्या हातात गणित जास्त होतं. वडिलांकडून त्याने सिद्धांताची शिस्त घेतली असं सगळे लिहितात. विचारायला जायची सवय कोणाच्या घरातून आली, हे फार थोडे लिहितात.

घराच्या मागेच झोपडवस्ती होती. ‘पुअर इकॉनॉमिक्स’ या पुस्तकात याची आठवण आहे. सहा वर्षांचा अभिजित तिथल्या पोरांशी गोट्या खेळायला जायचा, आणि खेळ संपता संपता सगळ्या गोट्या त्या पोरांच्या फाटक्या चड्ड्यांच्या खिशात गेलेल्या असायच्या. त्याला त्यांचा हेवा वाटे. पुस्तकात हे आलंय ते गरिबांविषयीच्या ठोकळेबाज कल्पना खोडायला. मला त्यात आणखी एक दिसतं. गरीब पोरगा काहीतरी जास्त जाणतो, हे या माणसाने दयेच्या आधी हरण्यातून शिकून घेतलं.

शाळा साउथ पॉइंट. शाळेनंतर गणिताच्या ओढीने त्यांनी भारतीय सांख्यिकी संस्थेत नाव घातलं, पण दक्षिण कोलकात्यातून पार उत्तरेच्या बारानगरला रोज जाण्यायेण्यातच दिवस जायचा. ते सोडून ते प्रेसिडेन्सीत आले, वडिलांच्याच विभागात. १९८१ मध्ये पदवी घेतली.

ही सांख्यिकी संस्था १९३१ ची, आणि तिची सुरुवात प्रेसिडेन्सीच्याच पदार्थविज्ञान विभागातल्या एका खोलीत झालेली. प्रशांतचंद्र महालनोबिस तिथे पदार्थविज्ञान शिकवत. बंगालमध्ये ताग किती पिकतो हे शेतनशेत न मोजता, थोडी शेतं नीट निवडून सांगता येतं, हे त्यांनी दाखवलं. मराठी माणसाने इथे सातारा जिल्ह्यातल्या बुधच्या पांडुरंग वासुदेव सुखात्म्यांची आठवण ठेवावी. मोजणीसाठी पिकाचा तुकडा लहान कापला तर कडेची ताटं हिशेबात येतात आणि उत्पन्न फुगतं, असं सांगत त्यांनी महालनोबिसांच्या पद्धतीला हरकत घेतली. १९४० च्या दशकातला हा वाद बाहेरून रुक्ष वाटतो. पण दुष्काळाने होरपळलेल्या देशात धान्य किती आहे याचा आकडाच चुकला, तर पुढचा प्रत्येक निर्णय चुकतो.

प्रेसिडेन्सीची ती वर्षं, १९७८ ते ८१. डावी आघाडी नुकतीच सत्तेवर आलेली. संध्याकाळ झाली की वीज जायची, आणि कंदिलाच्या उजेडात अभ्यास करणं कोणाला नवीन नव्हतं. एस्प्लनेड तर अक्षरशः उकरलेलं होतं. देशातल्या पहिल्या भुयारी रेल्वेची पायाभरणी डिसेंबर १९७२ ची, आणि रस्ता वरून खोदून बोगदा करायचा असल्यामुळे चौरंगी रस्त्याचा कणाच उघडा पडला होता. चिखल, फळ्या, पत्र्याचे आडोसे, आणि त्यांतून वाट काढणाऱ्या बस. दक्षिणेकडून प्रेसिडेन्सीच्या कॉलेज स्ट्रीटला जाणाऱ्या हजारो पोरांना हा खड्डा रोजचा झाला. एस्प्लनेडहून भवानीपूरपर्यंत पहिली गाडी धावली २४ ऑक्टोबर १९८४ रोजी. तोवर त्या पोरांपैकी बरीच परदेशात पोचली होती.

याच वर्षांत, डेकर्स लेनपासून चालत फार तर दहा मिनिटांवर, फॅन्सी लेनमध्ये एक कचेरी होती. संचयिता इन्व्हेस्टमेंट्स. भागीदारीतली ही पेढी १ जुलै १९७५ ला सुरू झाली तेव्हा तिचं भांडवल होतं ७,००० रुपये. लोकांकडून ठेवी घ्यायच्या आणि व्याज द्यायचं, एवढाच धंदा. पावतीवर व्याजाचा दर लिहिलेला असे १२ टक्के. प्रत्यक्ष हातात पडे ४८ टक्के. पुढे तो ३६ वर आला. छापील बारा आणि मिळणारे अठ्ठेचाळीस यांच्यामधले छत्तीस कुठून येतात, हे पावती हातात धरणाऱ्या कोणालाच ठाऊक नव्हतं.

तरी माणसं पैसे घेऊन येत राहिली. निवृत्त कारकून, मास्तर, दुकानदार. त्या काळी बँकेच्या ठेवीवर व्याज दहा टक्क्यांच्या आसपास. शेजाऱ्याला महिन्याच्या महिन्याला रोख मिळते हे दिसत होतं. त्या शेजाऱ्याने त्याच्या शेजाऱ्याला पाहिलेलं. हिशेबाच्या वह्या यातल्या एकानेही पाहिलेल्या नव्हत्या. डिसेंबर १९८० मध्ये धाड पडली. खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९८२ मध्ये सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांनी त्याचा निकाल लिहिला. पैसा फिरवण्याच्या योजनांवर बंदी घालणाऱ्या १९७८ च्या कायद्याखालचा गुन्हा त्या फिर्यादीतून उभा राहत नाही, म्हणून त्याखालचा तपास रद्द झाला. कायद्याच्या अक्षराने प्रश्न मिटला. ठेवीदारांचा मिटला नाही.

गर्दीमागे जाणाऱ्या माणसांविषयीचा बॅनर्जींचा पुढचा सिद्धांत यातून जन्मला असं मी म्हणत नाही. पण त्या शहरात, त्या वर्षांत, अर्थशास्त्र शिकणाऱ्या पोरांच्या आसपास काय घडत होतं ते नजरेआड करून त्यांचं नंतरचं काम वाचता येत नाही. आणि हा प्रकार कोलकात्याला नवाही नव्हता. फाळणीनंतरच्या वर्षांत बंगाली बँका एकामागून एक बसल्या. खिडकीपुढे रांग दिसली की रस्त्यावरचा माणूस आपलं पासबुक घेऊन त्याच रांगेत उभा राहायचा, आणि धडधाकट बँकसुद्धा त्या रांगेने मोडायची. १९५० मध्ये चार बँका एकत्र करून युनायटेड बँक ऑफ इंडिया करावी लागली.

प्रेसिडेन्सीनंतर दिल्ली. जवाहरलाल नेहरू विद्यापीठात एम.ए., १९८३. त्याच उन्हाळ्यात विद्यार्थी आंदोलनात धरपकड झाली आणि बॅनर्जी दहाएक दिवस तिहारमध्ये होते. मारहाण झाली, खुनाच्या प्रयत्नासारखी कलमं लागली आणि पुढे ती मागे घेतली गेली. २०१६ मध्ये त्यांनी स्वतःच हे लिहिलं. तिथून ते हार्वर्डला गेले.

अर्थशास्त्रात त्या सुमारास मोठी उलथापालथ चालू होती. जुनी पुस्तकं असं धरून चालायची की विकणारा आणि घेणारा दोघांनाही मालाची पारख आहे. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींचं उदाहरण घेऊन दाखवलं की एकालाच पारख असली तर बाजारच बिघडतो. आपल्याकडे हे समजायला मोटार नको, हापूसची पेटी पुरे. वर देवगडचं नाव, आत दुसऱ्या मुलखाचा आंबा. घेणाऱ्याला फरक कळत नाही, म्हणून तो मधला भाव देतो. त्या भावात खऱ्या देवगडच्या बागायतदाराचं भागत नाही, तो बाजारातून अंग काढून घेतो आणि पेट्यांत उरतो तो भेसळीचा माल. कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळवावं लागलं ते यासाठीच. अकरलॉफ, मायकेल स्पेन्स आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांना या विचारासाठी २००१ चं नोबेल मिळालं. बॅनर्जी हार्वर्डला पोचले तेव्हा हा विचार तरुण होता. त्यांचे मार्गदर्शक होते एरिक मॅस्किन, जे पुढे २००७ मध्ये स्वतः नोबेलचे मानकरी झाले.

पीएच.डी. झाल्यावर चार वर्षं प्रिन्स्टनला शिकवणं, आणि त्या काळातला एक निबंध, जो ऑगस्ट १९९२ मध्ये ‘क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स’मध्ये आला. विषय कळपाची वागणूक. त्यातलं उदाहरण खाणावळींचंच आहे, आणि ते डेकर्स लेनमध्ये उभं राहून समजून घ्यायला फार सोपं जातं.

दोन दुकानं धरा, डावं आणि उजवं. लौकिक जवळजवळ सारखा. डावं चांगलं असण्याची शक्यता ५१ टक्के, उजवं चांगलं असण्याची ४९. शंभर माणसं एकामागून एक येणार. प्रत्येकाला कुठून तरी स्वतःची एक कुणकुण लागलेली आहे. ती चुकीची असू शकते, पण सगळ्यांच्या कुणकुणीचं वजन सारखं. समजा शंभरातल्या नव्याण्णवांना उजवं चांगलं अशी कुणकुण आहे, डाव्याची फक्त एकालाच. म्हणजे उजवं चांगलं असणार हे जवळपास पक्कं. पण तो एकटा नेमका रांगेत पहिला आहे.

पहिला डावीकडे शिरला. दुसऱ्या माणसाला उजव्याची कुणकुण आहे, पण पहिला डावीकडे गेलेला दिसतो, त्यावरून त्याची कुणकुण डाव्याची असणार हे कळतं. दोघांच्या कुणकुणी एकमेकींना कापतात. उरतो तो ५१ टक्क्यांचा जुना लौकिक. दुसराही डावीकडे जातो. तो मूर्ख नाही, हिशेबी आहे. आता तिसरा आला. त्याला आत दोन माणसं दिसतात. खरं तर दुसऱ्याच्या मनात काहीही असतं तरी तो डावीकडेच गेला असता, म्हणून त्याच्या जाण्यातून काहीच कळत नाही. तिसऱ्याची अवस्था हुबेहूब दुसऱ्यासारखी. चौथ्याचीही तीच. शंभरच्या शंभर माणसं डावीकडे बसून जेवतात आणि चांगलं दुकान रिकामं राहतं. नव्याण्णव जणांना खरं ठाऊक होतं. ते त्यांच्या पोटातच राहिलं.

आपल्याकडे ‘गतानुगतिक’ हा शब्द शिवीसारखा वापरतात, मेंढरामागे मेंढरू म्हणतात. दोष माणसाच्या अकलेला देतात. बॅनर्जींनी दाखवलं ते याहून अस्वस्थ करणारं आहे: प्रत्येकाने आपलं डोकं नीट चालवलं तरीही सगळे मिळून चुकू शकतात. दुसऱ्याकडे पाहणाऱ्याचं नुकसान होतंच असं नाही, पण त्याने आपली कुणकुण गिळली की मागच्या सगळ्यांचं नुकसान होतं. त्यातून निबंधात निष्कर्ष निघतो की सुरुवातीच्या काही जणांना इतरांकडे बघूच न देता फक्त स्वतःच्या कुणकुणीवर निवडायला लावलं, तर सगळ्या समाजाचं जास्त भलं होऊ शकतं. त्याच वर्षी सुशील बिखचंदानी, डेव्हिड हर्शलायफर आणि आयव्हो वेल्च यांनीही स्वतंत्रपणे याच दिशेचा निबंध छापला. शेअर बाजार, नवी औषधं, कपड्यांची फॅशन, सगळीकडे हे दोन्ही निबंध पोचले.

पुढच्याच वर्षी बॅनर्जींचा अफवांच्या अर्थशास्त्रावरचा निबंध आला. तिथे आणखी एक सूक्ष्म गोष्ट आहे. अफवा काय सांगते इतकंच महत्त्वाचं नाही, ती आपल्यापर्यंत कधी पोचली यातूनही माणूस काही ताडत असतो. संचयिताच्या खिडकीपाशी उशिरा पोचलेल्या ठेवीदाराने तेवढं ताडलं असतं तर?

१९९३ मध्ये बॅनर्जी मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत गेले. इथून पुढची गोष्ट साधारण अशी सांगितली जाते की त्यांनी कागदावरचं गणित बाजूला ठेवलं आणि ते गावागावांत गेले. एस्थर डफ्लो आणि सेंधिल मुलैनाथन यांच्यासह २००३ मध्ये त्यांनी गरिबीवरच्या प्रयोगांसाठी संस्था उभी केली. काही गावांत एखादी योजना राबवायची, तशाच दुसऱ्या गावांत नाही, निवड चिठ्ठ्या टाकून करायची, आणि फरक मोजायचा. शेतीत आणि औषधांत जुनी असलेली पद्धत समाजाला लावली. मुंबई आणि बडोद्याच्या पालिका शाळांत ‘प्रथम’ या संस्थेच्या ‘बालसखी’ नावाच्या तरुण शिक्षिका मागे पडलेल्या मुलांना दिवसातले दोन तास वेगळं बसवून शिकवायच्या. माधव चव्हाण आणि फरीदा लांबे यांनी मुंबईत सुरू केलेली ही ‘प्रथम’. तो प्रयोग या पद्धतीच्या पहिल्या मोठ्या कामांपैकी एक. मुलांचे गुण स्पष्टपणे वाढले.

बॅनर्जींनी विषय बदलला असं मला वाटत नाही. प्रश्न तोच राहिला: माणसाला काय ठाऊक आहे, आणि ठाऊक असूनही तो तसं का वागत नाही? उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात त्यांनी आणि सहकाऱ्यांनी गावोगाव सभा घेऊन लोकांना सांगितलं की तुमच्या गावात शिक्षण समिती आहे, तिचे हे अधिकार आहेत, आणि तुमच्या मुलांना वाचता येत नाही. लोकांनी ऐकलं. शाळेत काही फरक पडला नाही. ज्या गावांत तरुणांना शिकवण्याचं साधं तंत्र देऊन वाचनवर्ग घ्यायला सांगितलं, तिथे वर्गाला आलेली मुलं वाचू लागली. माहिती दिली की लोक आपोआप शहाणे निर्णय घेतात, ही सरकारी भाषणांतली लाडकी समजूत इथे आपटली. तिकडे उदयपूरच्या खेड्यांत नेमाने लसीचं शिबिर भरवलं तर पूर्ण लसीकरण ६ टक्क्यांवरून १८ वर गेलं. प्रत्येक खेपेला एक किलो डाळ आणि शेवटी ताटांचा संच दिला तेव्हा ते ३९ वर पोचलं. आईबापांचा लसीला विरोध नव्हता. आजचं काम उद्यावर टाकायला फक्त एक कारण पुरत होतं, आणि एक किलो डाळ ते कारण मोडायला पुरली.

मला सगळ्यांत आवडतो तो कर्नाटकातला प्रयोग. २१३ गावं. सहकारी डफ्लो, अरुण चंद्रशेखर आणि मॅथ्यू जॅक्सन. एक बातमी गावात सोडायची: अमुक क्रमांकावर फोन करा, सोडतीत नाव येईल, मोबाइल किंवा पैसे मिळतील. बातमी आधी सांगायची कोणाला? काही गावांत कोणालाही, काही गावांत मानाच्या वडीलधाऱ्यांना, आणि काही गावांत अशा माणसांना, ज्यांची नावं गावकऱ्यांनीच दिली होती. गावकऱ्यांना विचारलं होतं, गावभर गोष्ट पसरवायची तर आम्ही कोणाशी बोलावं? फोन सर्वांत जास्त आले ते या तिसऱ्या गावांतून. मानकऱ्यांनाही मागे टाकून. पुढे हरियाणात लसीकरणासाठी हीच रीत वापरली, तिथेही ती चालली.

पारावर, नळावर, पिठाच्या गिरणीत कोणाच्या तोंडून गोष्ट गावभर जाते, हे गावातल्या कोणालाही विचारा, तो सांगेल. नकाशे आणि आलेख काढून जे शोधायला महिने लागले असते, ते गावाला आधीच ठाऊक होतं. १९९२ च्या निबंधात ते ज्ञान नव्याण्णव माणसांच्या पोटात राहून वाया गेलं होतं. इथे बॅनर्जींनी सरळ जाऊन विचारलं. घरामागच्या वस्तीतल्या, गोट्या जिंकून नेणाऱ्या पोरांकडे त्यांनी लहानपणी पाहिलं होतं तसंच.

१४ ऑक्टोबर २०१९ रोजी नोबेल जाहीर झालं, डफ्लो आणि मायकेल क्रेमर यांच्यासह. डिसेंबरच्या समारंभाला ते धोतर नेसून गेले. पुढच्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली. एस्प्लनेडवर तेव्हा माणूस नव्हता. डेकर्स लेनमधल्या चुली विझलेल्या, ट्राम डेपोत उभ्या. कोणावर विश्वास ठेवायचा हे कोणालाच कळत नव्हतं, कारण पाहायला पुढे गर्दीच नव्हती, आणि फोनवर येणाऱ्या प्रत्येक गोष्टीवर कोणीतरी विश्वास ठेवत होतं.

मे २०२० मध्ये पश्चिम बंगालमधल्या अडीच कोटी लोकांच्या मोबाइलवर एक संदेश आला. संदेशात एका चित्रफितीचा दुवा, अडीच मिनिटांची. दाबल्यावर अभिजित बॅनर्जी बंगालीत बोलू लागायचे. लक्षणं दिसली तर आरोग्यसेविकेला सांगा, गावाबाहेर जाणं टाळा, हात धुवा, आजारी माणसाला वाळीत टाकू नका. बोलण्याचे वेगवेगळे नमुने होते आणि कोणत्या पिनकोडला कोणता जाणार हे चिठ्ठ्यांनी ठरलं होतं. उरलेल्या पिनकोडांना नेहमीच्या सरकारी माहितीकडे बोट दाखवणारा संदेश गेला. लोकांना नवीन असं त्या चित्रफितीत फारसं काही नव्हतं. तेच मुद्दे रेडिओवर, टीव्हीवर, फोनच्या रिंगच्या जागी दिवसभर वाजत होते.

नंतर फोन करून चौकशी झाली. चित्रफीत गेलेल्या भागांत आरोग्यसेविकांकडे लक्षणं कळवण्याचं प्रमाण दुप्पट झालं होतं. गावाबाहेरचा प्रवास पाचव्या हिश्श्याने घटला होता. हात धुण्याचं प्रमाण वाढलं होतं. संदेशात ज्यांचा उल्लेखही नव्हता अशा सवयीही थोड्या सुधारल्या होत्या. आणि ज्यांच्या फोनवर तो संदेश गेलाच नव्हता, पण जे त्याच भागात राहत होते, त्यांच्या वागण्यातही जवळजवळ तेवढाच फरक पडलेला दिसला. कोणीतरी दुवा दाबून पाहिला होता, आणि संध्याकाळी ओट्यावर बसून शेजाऱ्याला सांगितलं होतं.